ठिपका दिसेल असा लॅपटॉप

आमच्या विभागप्रमुखांनी नमुना म्हणून आलेला तो लॅपटॉप दोन बोटांच्या चिमटीत उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "बघा, वहीसारखा हलका. मशीन असावी तर अशी." खरेदी समितीतले बाकीचे दोघे कौतुकाने हसले. मला हसू आलं नाही. माझ्यासमोर मी सुचवलेल्या दुसऱ्या लॅपटॉपची माहिती पडली होती. तिच्याकडे अजून कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

इतकी वर्षं झाली, तरी हे लिहिताना माझी बोटं आवळली जातात. राग ओसरतो असं लोक म्हणतात. माझा काही ओसरला नाही, आणि तो ओसरावा असं मला वाटतही नाही.

काम काय होतं ते आधी सांगते. साखरेचा आजार असलेल्या माणसाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर बारीक लाल ठिपके उठतात. रक्तवाहिन्या नाजूक होऊन फुगतात, झिरपतात. सुरुवातीला माणसाला काहीच कळत नाही. कळतं तेव्हा बरंचसं हातातून गेलेलं असतं. डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा एक कॅमेरा तेव्हा शहरातल्या एका इस्पितळाकडे आला होता आणि तो गावोगावच्या शिबिरांत न्यायचा असं ठरलं होतं. फोटोतले ठिपके शोधून त्यांच्याभोवती वर्तुळ काढणारा प्रोग्राम लिहिणं हे माझं काम. शिबिरात डॉक्टर एकच, रांग मात्र शाळेच्या फाटकापर्यंत. म्हणून संशय येण्यासारखे डोळे प्रोग्रामने वेगळे काढायचे आणि डॉक्टरांनी ते लॅपटॉपवर नीट बघायचे, अशी योजना होती.

शतक पालटून थोडीच वर्षं झाली होती. हैदराबादेत जिकडे बघावं तिकडे इमारतींना काच चढत होती. काल जिथे नुसते खडक होते तिथे आज कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या, आणि आमच्या जुन्या, चुन्याने रंगवलेल्या संशोधन संस्थेलाही आपण मागे राहिलो की काय अशी धास्ती वाटू लागली होती. प्रमुखांच्या बोलण्यात 'जागतिक' हा शब्द यायचाच. चहाचे कपसुद्धा त्यांनी जागतिक दर्जाचे म्हणून बदलून घेतले होते.

लॅपटॉप घ्यायचा ठरला तेव्हा मी बाबांना घेऊन सिकंदराबादला पार्क लेनच्या कॉम्प्युटर-बाजारात गेले. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले होते. आम्ही मराठवाड्यातले बौद्ध. बाबा नोकरीसाठी हैदराबादेत आले, विद्यानगरला भाड्याने राहिले आणि इथलेच झाले. त्यांची दखनी उर्दू ऐकून दुकानदार त्यांना खुर्ची द्यायचे. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं. सोबत म्हणून आले होते, एवढंच.

पहिल्याच दुकानात मालकाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाबांना विचारलं, "साब, मॅडम को कौनसा कलर होना?"

बाबा म्हणाले, "मेरेकू नक्को पूछो मियाँ. काम इनका है, इनोच बताते."

मी पिशवीतून सीडी काढली. तिच्यात डोळ्यांचे फोटो होते. म्हटलं, हे फोटो तुमच्या मशीनवर उघडून दाखवा. मालकाला वाटलं मी चेष्टा करते आहे. खोका उघडला तर माल जुना होतो, म्हणाला. दुसऱ्या दुकानातही तेच उत्तर. तिसऱ्या दुकानात एक म्हातारा मालक होता. त्याने कुतूहलापोटी काचेत मांडलेले सगळे लॅपटॉप एकेक करून माझ्यासमोर ठेवले, आणि मी संध्याकाळपर्यंत तिथे बसले. बाबा बाहेर जाऊन दोनदा चहा पिऊन आले.

लॅपटॉप निवडताना लोक काय बघतात ते मला माहीत होतं. वजन, रंग, झाकणावरचं नाव. मला तीन गोष्टी हव्या होत्या. पहिली, पडदा. तेव्हाच्या लॅपटॉपच्या पडद्यांची एक खोड होती. मान जरा खाली केली की चित्र फिकट, वर केली की काळवंडलेलं. डोळ्याच्या लालसर पडद्यावर लाल ठिपका शोधायचा तर असल्या लॅपटॉपवर तो सापडणार कसा? दुसरी, मेमरी. आमचे फोटो मोठे असायचे, आणि प्रोग्राम एका फोटोच्या चार-पाच प्रती एकदम उघडून त्यांची आपसांत तुलना करायचा. मेमरी अपुरी पडली की तो मधेच बसकण मारायचा. तिसरी, गरज पडली तर ती मेमरी वाढवता यावी. लॅपटॉप पालथा करून खाली छोटं झाकण आहे का, ते मी बघत होते.

शेवटी एक सापडला. जाडजूड, काळा, कोपरे बोथट. उचलताना दोन्ही हात लागायचे. पण त्याच्यावर ठिपका दिसत होता. मी खुर्ची डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली, उभी राहिले, ठिपका तिथेच होता. बाबांना बोलावून विचारलं, "दिसतंय का काही?" बाबांनी चष्मा पुसला, वाकले आणि म्हणाले, "हे लाल बारीक? मुंगी चावल्यासारखं?" मला इतका आनंद झाला की मी त्या म्हाताऱ्या मालकाला मराठीतच धन्यवाद म्हणाले.

आणि मग ती समितीची बैठक. सगळं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. मी इथे मराठीत लिहिते आहे. मी सुचवलेल्या लॅपटॉपचा फोटो बघून प्रमुख म्हणाले, "ही काय वीट आहे?"

मी पडदा, मेमरी, झाकण सगळं समजावून सांगितलं. फोटोंच्या छापील प्रती पुढे ठेवल्या. ते मधेच म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्यात प्रकल्पाचं उद्घाटन आहे. परदेशातून पाहुणे येणार, मंत्री येणार. टेबलावर हा डबा ठेवू?"

"सर, टेबलावर ठेवायला नकोय तो. शिबिरात न्यायचाय."

"हलका असेल तर शिबिरात न्यायला सोपाच."

"हलक्यावर प्रोग्राम चालणार नाही."

त्यांनी चष्मा काढला, समितीच्या दुसऱ्या सदस्यांकडे बघितलं आणि हसत हसत म्हणाले, "तुम्हा लोकांना नेहमी थोडं जास्तीचंच लागतं, नाही का?"

तुम्हा लोकांना. खोलीत दुसरं कुणी माझ्यासारखं नव्हतं. त्या तिघांनाही कळलं होतं ते काय म्हणाले, आणि मलाही. शाळेपासून ही वाक्यं ऐकत आले होते. कधी गुणपत्रिका बघून, कधी नोकरीचा आदेश बघून. पण त्या दिवशी मी काही मागत नव्हते. कामाला काय लागतं एवढंच सांगत होते. मी म्हटलं, "जास्तीचं नाही सर, पुरेसं." प्रमुखांनी चष्मा परत चढवला आणि कागदावर सही केली. त्यांचा तो पातळ लॅपटॉप मंजूर झाला.

तो आला. चंदेरी, चकचकीत. मी प्रोग्राम चढवला, एक फोटो उघडला, आणि मेमरी कमी असल्याचा निरोप पडद्यावर आला. पालथा करून बघितला, खाली झाकण नव्हतंच. आत जे होतं ते कायमचं. प्रमुखांकडे गेले. ते फोनवर होते, फोनवर हात ठेवून म्हणाले, "फोटो लहान करा. डोळा तोच आहे ना?"

फोटो लहान केला तर काय होतं हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मोठ्या सतरंजीवरचा लाल मणी जवळून दिसतो. तीच सतरंजी दहा मजल्यांवरून बघितली की मणी रंगात विरून जातो. मी एकाच डोळ्याचे दोन फोटो, एक मूळ आणि एक लहान केलेला, चिक्कडपल्लीतल्या एका स्टुडिओतून चांगल्या कागदावर छापून आणले आणि त्यांच्यासमोर ठेवले. पहिल्यात ठिपके होते, दुसऱ्यात नव्हते. त्यांनी दोन्ही बघितले आणि म्हणाले, "छपाई नीट नाही."

मी माझी हरकत लिहून त्यांच्या हातात दिली. शिबिराच्या डॉक्टरीणबाईंनाही फोन करून सांगितलं, की ह्या मशीनवर दिसलं तर आहे असं समजा, पण नाही दिसलं म्हणजे नाही असं समजू नका. त्या म्हणाल्या, "म्हणजे मग मी समजू तरी काय?" त्यांचंही बरोबर होतं.

शिबिर राज्याच्या सीमेकडच्या एका तालुक्याच्या गावी, शाळेत भरलं. तिकडे अर्धं गाव मराठी बोलतं. बाकांवर माणसं डोळ्यांत औषधाचे थेंब घालून, डोळे मिटून बसली होती. पातळ लॅपटॉप एका बाकावर उघडून मी बसले होते. खिडकीतून ऊन यायचं आणि पडदा आरशासारखा व्हायचा, म्हणून मी वर चादर बांधून घेतली होती. मूळ फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावर जसेच्या तसे राहत होते. लॅपटॉपवर त्यांच्या लहान केलेल्या प्रती येत होत्या.

एक बाई आली. वय पन्नाशीच्या पुढे, अंगठ्याला सुया टोचून पडलेले घट्टे. शिंप्यांच्या दुकानांतून ब्लाउज आणून त्यांना काज-बटण करून द्यायची. नवरा नव्हता, सून होती, दोन नातवंडं. मी मराठीत बोलले तर तिचा चेहरा खुलला.

"सुईत दोरा ओवायला येईना गेलंय बाई," ती म्हणाली. "सून ओवून देती. पण ती शेतात गेली की मी बसते तशीच, सुई धरून."

तिचा फोटो पडद्यावर आला. स्वच्छ. प्रोग्रामने एकही वर्तुळ काढलं नाही. डॉक्टरीणबाईंनी वाकून बघितलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "डोळ्याचा पडदा चांगला आहे. चष्म्याचा नंबर बदला, पुढच्या वर्षी या."

मी हलक्या आवाजात म्हटलं, "डॉक्टर, हा लहान केलेला फोटो आहे."

"मला कळतंय," त्या म्हणाल्या, "पण बाहेर रांग बघा. जे दिसतंय तेच मी सांगू शकते."

बाई हात जोडून निघून गेली. जाताना मला म्हणाली, "चांगलं झालं माय, जीवाला घोर लागला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत पोचल्याबरोबर मी ते कार्ड मोठ्या कॉम्प्युटरला जोडलं आणि मूळ फोटो एकेक करून प्रोग्रामखाली घातले. तिचा फोटो आला. वर्तुळं उमटत गेली. ठिपके होतेच, पण मधल्या भागाच्या अगदी जवळ, जिच्यामुळे आपल्याला सुईचं नाक दिसतं त्या जागेच्या कडेला, झिरपल्याच्या पिवळ्या खुणा होत्या. आणखीही काही जणांच्या फोटोंत ठिपके निघाले. पण तिच्याइतके कुणाचेच वाईट नव्हते.

मी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी फोटो एकेक करून बघितले. मग म्हणाल्या, "बोलवा सगळ्यांना. हिला आधी."

प्रमुखांच्या खोलीत गेले तेव्हा ते उद्घाटनाच्या बॅनरचे नमुने बघत होते. मी सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"हे बाहेर बोलू नका," ते म्हणाले. "शिबिरात चुकलं असं कळलं तर उद्घाटनाचं काय होईल? कार्यक्रम होऊ द्या, मग पत्रं पाठवू."

"सर, तोपर्यंत तिचा डोळा जाईल."

"इतक्या दिवसांत काही होत नसतं. तुम्ही डॉक्टर आहात का?"

"डॉक्टर खाली बसल्यात. त्यांना बोलावू?"

ते म्हणाले, "भावनेच्या आहारी जाऊ नका, मॅडम."

भावनेच्या आहारी. मी बाहेर आले. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. रडू आलं नाही. राग इतका होता की रडायला जागाच नव्हती. रजेचा अर्ज त्यांच्या शिपायाच्या टेबलावर ठेवला आणि तडक बसस्टँड गाठलं.

तिचं घर शोधायला त्रास पडला नाही. ती दारात बसून ब्लाउजला हुक लावत होती. मला ओळखलं. पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"काल म्हणलीस डोळे चांगले," ती म्हणाली. "आज म्हणतीस खराब. मी कुणाचं खरं धरू?"

"आजचं खरं आहे, मावशी. काल मशीन बरोबर नव्हती."

"मग बरोबर नसलेली मशीन आणलीच कशाला गावात? आमी काय ढोरं का, कसलीबी चालंल म्हणून?"

सून मधे पडू बघत होती, "आत्याबाई, असू द्या," म्हणत होती. मी म्हटलं, बोलू द्या त्यांना. तिचा एकेक शब्द योग्य जागी जायला हवा होता, पण ती जागा तिथे नव्हती. ती जागा हैदराबादेत दार लावून बॅनर निवडत बसली होती. माझ्या वतीने, संस्थेच्या वतीने मी ते ऐकून घेतलं. मग म्हटलं, "तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे. रागवा. पण माझ्यासोबत चला."

ती बराच वेळ हातातला ब्लाउज उलटसुलट करत राहिली. शेवटी सुनेला म्हणाली, "पेटीतलं लुगडं काढ माझं."

इस्पितळात तिच्या दोन्ही डोळ्यांवर लेसरने उपचार झाले. उजवा डोळा वाचला. डाव्याच्या मधल्या भागात जे गेलं होतं ते गेलंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असलेलं टिकलं हेच खूप. बाकीच्यांनाही त्यांनी इस्पितळातर्फे निरोप पाठवून बोलावून घेतलं. संस्थेची वाट बघितली नाही. मावशी नंतर हुक लावायची, बटणं लावायची. काज मात्र तिला पुन्हा जमले नाहीत. काजाला जास्त मजुरी मिळायची. हे मला तिनेच सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, सहज.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर त्या चंदेरी लॅपटॉपवर प्रोग्राम चालवून दाखवायला मला सांगण्यात आलं. मी नाही म्हटलं. प्रमुखांनी आवाज चढवला, मग उतरवला, मग माझ्या बढतीचा विषय काढला. मी नाहीच म्हटलं. शेवटी त्यांनी कुणाकडून तरी आधीच तयार केलेलं एक चित्र, वर्तुळांसकट, पडद्यावर लावून घेतलं. टाळ्या वाजल्या. मंत्र्यांनी लॅपटॉप हातात घेऊन बघितला आणि किती हलका आहे, असं म्हणाले.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी प्रमुखांना एक फोन केला. योग्य मशीन असल्याशिवाय कॅमेरा शिबिराला निघणार नाही, एवढंच म्हणाल्या. आठवडाभरात तो जाड, काळा लॅपटॉप आमच्याकडे आला. समितीची बैठकही झाली नाही. मी इतके दिवस जे सांगत होते, छापून दाखवत होते, लिहून देत होते, ते त्यांच्या एका फोनने झालं. मी त्यांना तसं म्हटलं, तर त्या ओशाळून म्हणाल्या, "मी तुमचंच म्हणणं परत सांगितलं फक्त." मला ते माहीत होतं. म्हणूनच तर संताप येत होता. त्यांना ऐकू येत नव्हतं असं नाही, मला बोलता येत नव्हतं असंही नाही. माझ्या तोंडून निघालं की ते त्यांना जास्तीचं वाटायचं आणि दुसऱ्याच्या तोंडून निघालं की पुरेसं.

त्या काळ्या लॅपटॉपवर आम्ही पुढची कित्येक शिबिरं केली. बिजागरी सैल झाली तेव्हा पाठीला लाकडी पट्टी टेकवून काम चालवलं. त्याच्यावर दिसलेल्या ठिपक्यांमुळे किती जण वेळेवर उपचाराला पोचले याचा आनंद मला होताच. पण आनंद आणि राग एका घरात राहू शकतात हे मी तेव्हा शिकले. दोघांचं आपसांत भांडण होत नाही.

प्रमुख निवृत्त झाले तेव्हा संस्थेच्या हॉलमध्ये समारंभ झाला. त्यांनी भाषणात बऱ्याच गोष्टी सांगितल्या. त्यात त्या शिबिरांची गोष्टही होती. "साधनं कमी होती," ते म्हणाले, "पण कामाला काय लागतं हे आम्ही ओळखलं आणि योग्य मशीन निवडली." लोकांनी माना डोलावल्या. मग सूत्रसंचालकाने मलाही दोन शब्द बोलायला बोलावलं, मी त्या प्रकल्पात होते म्हणून.

मी माइक घेतला. माझ्याकडे लिहून आणलेलं काही नव्हतं. म्हटलं, "सरांच्या बोलण्यात एक दुरुस्ती करायची आहे. ती मशीन आपण निवडली नव्हती. आपण दुसरी निवडली होती, आणि डाव्या डोळ्याची नजर जात असलेल्या सीमेकडच्या एका बाईला तिने डोळे चांगले आहेत म्हणून घरी पाठवलं. ती काज करायची. आता तिला ते जमत नाही." एवढं बोलून थांबले. आणखी बोलायचं होतं, पण आवाज बदलेल असं वाटलं, आणि त्यांच्यासमोर तो बदलू द्यायचा नव्हता.

 प्रमुख हार घालून बसले होते, समोर बघत होते. सूत्रसंचालकाने घाईघाईने चहाची घोषणा केली. चहाच्या वेळी एक जण माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "आजच्या दिवशी नको होतं, मॅडम." मी त्याला विचारलं, "मग कुठल्या दिवशी?" त्याने खांदे उडवले आणि समोशाच्या ताटाकडे वळला. मी चहा घेतला नाही. पर्स उचलली आणि बाहेर येऊन रिक्षाला हात केला.